डावा कोपरा रिकामा

येरळाकाठ महिला महाविद्यालयाच्या मैदानावर त्या जूनमध्ये कबड्डीच्या निवडीसाठी चाळीसेक मुली आल्या होत्या. कांचन बाबरने त्यांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, की चढाई कोण कोण करतं. सगळेच्या सगळे हात वर गेले. मग विचारलं, की कोपऱ्यात कोण खेळतं. एकच हात वर आला. कांचनचा चेहरा खुलला. पण त्या मुलीला फक्त पिण्याचं पाणी कुठे आहे ते विचारायचं होतं.

असं होण्याचं हे सलग तिसरं वर्ष.

कबड्डी पाहणाऱ्याची नजर चढाई करणारीवर असते. ती एकटी समोरच्या अंगणात शिरते, 'कबड्डी कबड्डी' घोकत राहते, झुलते, कुणाला तरी शिवून पळून येते. टाळ्या तिला, पोस्टरवर फोटो तिचा, बक्षीस समारंभात पुढची खुर्ची तिची. तिला परत जाऊ न देण्याचं काम ज्या करतात त्यांची नावं सामना सुटला की कुणाच्या लक्षात राहत नाहीत. सात जणींच्या अर्धगोलाची दोन टोकं म्हणजे दोन कोपरे. चढाईवाली खोल आली, की कोपऱ्यातल्या मुलीने तिचा पाय धरायचा आणि बाकीच्या येऊन पडेपर्यंत सोडायचा नाही. मग लाथ बसो, गुडघा बसो. सामना चढाईवाली रंगवते, पण जिंकतो तो कोपरा, असं कांचनचं ठाम मत होतं, आणि तिला ते मत मांडायचा अधिकारही होता. ती स्वतः राज्याच्या संघातून डाव्या कोपऱ्यात खेळली होती, लग्नानंतरही. तासगावच्या या कॉलेजात आल्यापासून तिने घडवलेल्या जोड्यांची अशी दहशत होती, की समोरच्या संघातल्या मुली एकमेकींना बजावत: येरळाकाठवाल्यांच्या कोपऱ्यात जाऊ नका.

आता तो कोपराच रिकामा पडला होता, आणि तो रिकामा केला होता एका टिकलीने.

टिकली हे मुलींनी ठेवलेलं नाव. कानामागे चिकटवायची ती चकती दिसायला खरोखर टिकलीएवढीच होती. पुण्यातल्या काही संशोधकांनी ती मुळात दुचाकीवरून पडणाऱ्यांसाठी बनवली होती. त्यामागचं शास्त्र कांचनला एका शिबिरात समजावून सांगितलं गेलं, आणि ते तिला लगेच पटलं. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, पाण्यात तरंगत असतो. गोटा झालेला नारळ कानाशी धरून हलवला की आतलं खोबरं खुळखुळतं, तसंच काहीसं. फक्त मेंदू खोबऱ्यासारखा कडक नाही, लोण्यासारखा मऊ. डोकं सरळ आपटलं तर तो पुढे-मागे हलतो. पण हिसका बसून डोकं गर्रकन फिरलं, की मेंदू पिळला जातो आणि त्यातले लांबच लांब मज्जातंतू ताणले जातात. एका हिसक्याने ते तुटत नाहीत. मात्र तंतूच्या आतला सांगाडा जरासा उसवतो, त्याचं प्रथिन कणाकणाने रक्तात उतरतं, आणि रक्तातून अगदी किंचित घामात. टिकलीत दोन गोष्टी होत्या. डोकं किती वेगाने फिरलं ते टिपणारा एक बारीक कण, आणि घामातलं ते प्रथिन पकडणारा एक पापुद्रा. हिसका लगेच कळे. प्रथिन झिरपायला मात्र काही तास लागत. दोन्हींचा मेळ घालून टिकली फोनवर एक आकडा पाठवी. त्याला नाव होतं झीज. हिरवा असला तर ठीक, पिवळा असला तर विश्रांती, लाल असला तर दवाखाना.

राज्य संघटनेने टिकली सक्तीची केली तेव्हा कांचननेही टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यांना वाटत होतं की चढाईवाल्यांचे आकडे भयंकर निघतील. त्या उंच उडतात, धाडकन आपटतात, अंगावर पाच-सहा जणी पडतात. वर्षभराचे आकडे आले आणि सगळं उलटंच निघालं. मोठं आपटणं कधीतरीच होतं, आणि त्यातून माणूस सावरतो. कोपऱ्यात मात्र रोजच्या सरावात, दर पकडीला, समोरचीचा सुटा गुडघा डोक्याला पुसट पुसट लागत राहतो. दुखत नाही, सूज येत नाही, खेळणारीला लक्षातही राहत नाही. झीज तिथे होती.

आणि आता ती आयांच्या फोनवर दिसत होती. पूर्वी पोरगी खेळून आली, जेवली, झोपली की आईचा जीव निवांत असे. आता ताट वाढता वाढता आई फोन बघे. शाळाशाळांतून कोपरे ओस पडले. सातच्या सात चढाईवाल्या घेऊन संघ उतरू लागले, आणि पकडच होत नसल्यामुळे सामने कंटाळवाणे झाले. कोपऱ्यातली एखादी बरी मुलगी उरली असेल तर तिच्या दारात तीन-तीन कॉलेजांच्या गाड्या उभ्या राहत. कांचनने दोन वर्षं घासून तयार केलेली मुलगी शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजने ऐन हंगामात उचलून नेली. प्राचार्य देसाई सर कधी आवाज चढवत नसत. त्यांनी चहा पाजून हळूच सांगितलं, की यंदा संघ शेवटच्या चारांत आला नाही तर वसतिगृहातल्या कबड्डीच्या जागा तिरंदाजीला द्याव्या लागतील.

नुकतीच बारावी झालेली शर्वरी माळी तिला कवठ्याच्या बाजूला एका शाळेच्या पटांगणावर सापडली. बाकीच्यांसारखी तीही चढाईच करत होती, आणि त्यात बेताचीच होती. पण समोरची चढाई करायला आली, की शर्वरीचं अंग आपोआप खाली बसे. समोरची हात नाचवी, तोंडाने भूल घाली. शर्वरीची नजर मात्र तिच्या कमरेवरून हलत नसे. कंबर खोटं बोलत नाही, हे शिकवायला कांचनला एकेका मुलीमागे वर्ष लागायचं. एकदा शर्वरीने सवयीने हात घातला आणि समोरची तिथेच खिळली. लगेच तिने चूक झाल्यासारखा हात सोडून दिला. कांचन कुंपणाजवळ उभी होती. तिला भूक लागल्यासारखं झालं.

शर्वरीच्या घरचा बेदाण्याचा शेड होता. कांचन गेली तेव्हा हंगाम संपलेला होता, जाळ्या गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि चार-पाच बायका खाली बसून साठवणीतला माल निवडत होत्या. शर्वरीची आई मनीषा त्यांच्यातच होती. नवरा द्राक्षाच्या गाड्यांबरोबर सतत बाहेर, त्यामुळे शेड, बाग आणि पोरगी यांचा कारभार तीच बघे. तिने कांचनला पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला आणि सगळं नीट ऐकून घेतलं: वसतिगृह, विमा, खुराक, पुढे पोलिसात किंवा रेल्वेत नोकरीची संधी. हातातले बेदाणे निवडणं तिने थांबवलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही कोपऱ्यातच खेळलाय न्हवं?"

"हो. पंधराएक वर्षं."

"मग तुमचा आकडा किती हाय?"

कांचन म्हणाली की तिच्या वेळी टिकली नव्हती. मनीषा म्हणाली, ते ठाऊक आहे. पण मिरजेला मोठ्या मशिनवर जुनी झीजसुद्धा दिसते, असं तिने ऐकलंय. खेळून गेलेल्या किती जणी करून आल्या. कांचनने मान हलवली. तपासणी केलेली नाही, एवढंच ती बोलली.

मनीषाच्या बोलण्यात राग नव्हता. "तुम्ही आधी तुमचं बघून या," ती म्हणाली. "मग माझ्या पोरीचं बोलू."

निवडणाऱ्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या, पण त्यांचे हात थांबले होते.

परत येताना एसटीत कांचन खिडकीबाहेर बघत राहिली. बागांवर फवारणीचे ड्रोन घिरट्या घालत होते. तपासणी का केली नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. गेलं वर्षभर ती विसरत होती. एकदा संघातल्या मुलीला तिने दहा वर्षांपूर्वीच्या मुलीच्या नावाने हाक मारली, आणि दुरुस्त करायला खरं नाव आठवेच ना. एकदा चहाची गाळणी हातात धरून ती ओट्यापाशी उभी राहिली आणि या वस्तूला काय म्हणतात ते काही केल्या सुचेना. विलासला, तिच्या नवऱ्याला, तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. आपलं डोकं गुडघ्यांनी झिजवलं असेल, तर निदान ते कळायला तरी नको, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि ते असं झाकून ठेवून ती दुसऱ्यांच्या पोरी मागायला दारोदार फिरत होती.

विलास शाळेत चित्रकला शिकवत असे. तिने घरी आल्यावर मनीषाचं बोलणं सांगितलं, विसरण्याचं नाही सांगितलं. त्याने कुंचले धुता धुता ऐकलं आणि म्हणाला, "गाळणीचं मी बघितलंय. आणि गॅस चालू राहिल्याचंही."

कांचनने त्याच्या हातातले ओले कुंचले घेऊन बरणीत उभे ठेवले.

"शनिवारी मला सुट्टी आहे. मी येतो बरोबर."

"अहो, पण काही निघालं तर?"

"निघालं तर दोघांना कळेल. आत्ता तुला एकटीला भीती वाटते आणि मला एकट्याला."

मिरजेच्या डॉक्टर नसीमा मुजावर बारीक चणीच्या आणि सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांनी समजावलं, की टिकलीला आजचं कळतं, कालचं नाही. जुनी झीज बघायची तर मेंदूतलं पाणी कसं वाहतं ते बघावं लागतं. मज्जातंतूंच्या जुड्या शाबूत असतील तर पाणी त्यांच्या कडेने सरळ सरकतं, उसाच्या सरीतून सरकावं तसं. जुड्या विसकटल्या असतील तर ते सैरावैरा पसरतं. यंत्र तेवढंच दाखवतं. कांचनला त्या बोगद्यात निजवलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर रक्तही घेतलं. मग दोघं बाकावर बसून राहिली. विलास समोरच्या भिंतीवरच्या रंगाचे पोपडे बघत होता आणि कांचन त्याचा हात बघत होती. नखांत निळा रंग राहिला होता.

डॉक्टरांनी आत बोलावलं आणि आधी निष्कर्ष सांगितला, मग चित्रं दाखवली. त्या चांगल्या डॉक्टर होत्या.

"कांचनताई, तुमचा मेंदू तुमच्या वयाच्या बाईचा आहे. उजव्या बाजूला इथे थोडी झीज दिसते, ती खेळातली असणार. पण ती जुनी आहे आणि वाढत नाहीये. तुमचं विसरणं यातलं नाही. तुमचं थायरॉइड पार तळाला गेलंय. गोळी सुरू करू, दोन-तीन महिन्यांत फरक पडेल."

कांचनने ते दोनदा सांगायला लावलं. बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या कँटीनमध्ये गेली आणि उप्पीटाच्या दोन बश्या एकीमागून एक खाल्ल्या. विलास तिच्याकडे बघून हसला, आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसतच राहिला.

जाण्याआधी डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला होता. इतकी वर्षं कोपऱ्यात खेळलेल्या इतर जणींचे फोटो याहून वाईट निघतात, मग तुम्ही काय वेगळं करत होता? रात्रभर शांत झोप लागल्यावर, सकाळी अंगण झाडताना कांचनच्या ध्यानात आलं. ती मातीवर शिकली होती. मातीवर सूर मारला तर कोपरं-गुडघे सोलून निघत, म्हणून मुली सूर मारतच नसत. खाली बसायचं, बाजूने सरकायचं, हनुवटी छातीला लावायची आणि डोकं समोरचीच्या पायाच्या बाहेर ठेवून घोटा धरायचा. पुढे मॅट आली. मॅट मऊ. पोरी सरळ झेपावू लागल्या, आणि डोकं जाऊन पडू लागलं समोरचीच्या दोन पायांच्या मधोमध, सुट्या गुडघ्याच्या तोंडी. ते दिसायला भारी दिसे. कांचननेही नंतरच्या मुलींना तेच शिकवलं होतं. सगळे तेच शिकवत होते.

तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि थंडपणे सांगितलं, की एका माणसावरून शास्त्र होत नाही, मोजून बघा.

मग तिने मोजून बघितलं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ती कानामागे टिकली लावून मॅटवर उतरली, आणि संघातल्या सर्वांत दांडग्या चढाईवालीला म्हणाली, की ये, मला सोडून जाऊन दाखव. पोरी तोंडावर हात धरून हसत होत्या. आधी तिने आजकालच्या पद्धतीने झेपावून पकडी केल्या, दुसऱ्या दिवशी मातीच्या पद्धतीने बसून. अंग मोडून आलं, विलासला पाठीला तेल चोळावं लागलं. पण आकड्यांत फरक होता, आणि तो डोळ्यांनी दिसण्याएवढा होता. मग इतर मुलींनी करून बघितलं. ज्यांना जमलं त्यांचे हिसके निम्म्याहून खाली आले. ज्यांना जमलं नाही त्यांचे आले नाहीत. आणि बसून पकडायला वेळ लागतो, त्यामुळे पकडी सुटतही होत्या.

हे सगळं तिने मनीषाला शेडमध्ये बसून जसंच्या तसं सांगितलं. आपल्या डोक्यातली उजव्या बाजूची झीज सांगितली, थायरॉइड सांगितलं, विसरणं सांगितलं. शेवटी म्हणाली, "ताई, झीज शून्य होत नाही. कमी होते. मी शून्य म्हटलं तर खोटं होईल."

पोरगी दाराशी उभी होती आणि तिची नजर आईच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

"सामन्यात लाल झाल्याबिगर पंच बाहेर काढत न्हाईत, खरं का?" मनीषाने विचारलं.

खरं होतं. पिवळ्याला सामना संपल्यावर विश्रांती, असा नियम होता.

"मला लालपर्यंत थांबायचं न्हाई. पिवळा दिसला की माझी पोरगी बाहेर. कसला बी सामना असू दे. कबूल असंल तर न्या."

कांचनने कबूल केलं. त्या क्षणी ते सोपं वाटलं.

शर्वरीला खाली बसायला शिकवावं लागलं नाही, फक्त झेप घ्यायचा मोह सोडवावा लागला. पावसाळाभर ती हनुवटीखाली टेनिसचा चेंडू धरून सराव करी; चेंडू पडला की पकड बाद. दिवाळीपर्यंत तिचा घोटा धरण्याचा वेग असा झाला, की चढाईवाल्यांना ती हलल्याचं कळायच्या आत पाय अडकलेला असे. आकडा रोज संध्याकाळी दोन फोनांवर जाई, मनीषाच्या आणि कांचनच्या, आणि रोज हिरवा येई. गोळ्यांनी कांचनचंही डोकं स्वच्छ होत गेलं. मुलींची नावं तिच्या ओठावर आपसूक येऊ लागली. तिला पुन्हा सामना दिसायला लागला, कोण कुठे सरकणार ते आधीच उमजायला लागलं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्या वर्षी गडहिंग्लजला होत्या. येरळाकाठचा संघ शेवटच्या चारांत पोचला, तोही शर्वरीच्या जोरावर. देसाई सरांनी स्वतः येऊन पेढे वाटले. जागा वाचल्या होत्या. आता अंतिम फेरी एका सामन्यावर होती आणि समोर इचलकरंजीचा संघ होता, तगडा आणि उतावळा.

शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा येरळाकाठ एका गुणाने पुढे होतं. इचलकरंजीची कर्णधार चढाईला आली आणि सरळ डाव्या कोपऱ्यात घुसली. शर्वरी बसली, सरकली, घोटा धरला. सगळं बरोबर होतं. पण मदतीला आलेली मधली मुलगी घसरली, तिघी एकमेकींवर कोसळल्या, आणि कुणाचा तरी गुडघा शर्वरीच्या कानावर आदळून तिची मान एका बाजूला फिरली. पकड झाली होती. गुण मिळाला. प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतलं. शर्वरी उठली, हसली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

कांचनच्या हातातल्या फोनवरचा आकडा पिवळा झाला.

पंचांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. प्रेक्षकांना माहीत नव्हतं. मैदानावर शर्वरी पायांच्या चवड्यांवर डुलत होती, ताजीतवानी. कांचनच्या मनात क्षणभर आलं, की मनीषा आत्ता कामात असेल, आकडा तिने बघितला नसेल. तो विचार येताच तिला स्वतःची अशी शिसारी आली, की तिने दोन्ही हात वर करून टाइम-आउट मागितला आणि बदली खेळाडू उभी केली.

शर्वरी बाकाकडे आली तीच डोळ्यांत पाणी घेऊन. "मॅडम, मी ठणठणीत आहे. आई काही बोलणार नाही, मी सांगते तिला."

"बस खाली," कांचन म्हणाली. "पाणी पी. मान हलवू नको."

बदली मुलगी कोपऱ्यात कधी खेळलीच नव्हती. इचलकरंजीने तिच्याच बाजूने चढायांमागून चढाया केल्या, आणि सामना दोन गुणांनी गेला. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. शर्वरी बॅगेत तोंड घालून बसली होती. प्रेक्षकांतून कुणीतरी, हुकमी खेळाडू काढायची अक्कल कुठून आली, असं मोठ्याने विचारलं. देसाई सर जवळ आले, काहीतरी म्हणणार होते, मग त्यांनी कांचनच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि नुसतं खांद्यावर थोपटून गेले.

आता खरी वाट बघायची होती. हिसका मोजला गेला होता. प्रथिन किती झिरपतंय ते सकाळी कळणार होतं. झिरपलं तर आकडा लाल होईल, नाही तर उतरेल. मनीषाला फोन करून कांचनने झालं ते सांगितलं. मनीषा म्हणाली, की सामना ती फोनवर बघतच होती. आकडा बदलला तेव्हा तिने कांचनला फोन लावायला घेतला होता. लावायच्या आधीच पोरगी बाकावर बसलेली दिसली.

"मग मी फोन ठेवला," ती म्हणाली, "आणि जाऊन हात-पाय धुतले. बसा तिच्याजवळ मॅडम. मी येत न्हाई. तुम्ही हाय तिथं."

ज्या शाळेत संघ उतरला होता तिच्या वर्गखोलीत शर्वरी कांचनच्या शेजारी झोपली. कांचन अधूनमधून तिच्या कपाळावर हात ठेवी, आणि शर्वरी रागातच तो बाजूला करी. उजाडल्यावर ओसरीवर कोवळं ऊन आलं. मुली दात घासायला नळावर गेल्या होत्या. कांचन पायरीवर बसली होती आणि शर्वरी तिच्यापासून जरा लांब, पाठ करून. फोन वाजला. कांचनने डोळे मिटून एक श्वास घेतला आणि मग बघितलं.

हिरवा.

तिला वाटलं होतं की ती ओरडेल. तसं झालं नाही. ती खांबाला टेकली आणि फोन शर्वरीच्या दिशेने धरला. शर्वरीने मागे वळून बघितलं. आदल्या दिवसापासूनचा तो ताठपणा तिच्या खांद्यांतून हळूहळू उतरला. तिलाही भीती वाटत होती तर. रागाखाली तिने ती दडपून ठेवली होती, आणि हे कांचनच्या आत्ता लक्षात आलं. शर्वरी सरकत सरकत जवळ आली आणि डोकं अलगद कांचनच्या मांडीवर ठेवून निजली. नळावरच्या पोरी गोंगाट करत होत्या. कुणीतरी भजी आणायला गेलं होतं.

डॉक्टर मुजावरांनी ते आकडे मागवून घेतले. आणखी दोन-तीन संघांत ही पद्धत मोजून बघायचं त्यांच्या मनात होतं. अजूनही त्या, यावरून शास्त्र होत नाही, असंच म्हणत होत्या, पण आता जरा कमी थंडपणे.

बेदाण्याचा हंगाम भरात आला तेव्हा मनीषाचा फोन आला, की शेडवर येऊन जा, बायकांना काही विचारायचंय. कांचन गेली. जाळ्यांवर हिरवे घड पसरले होते, गंधकाचा आणि गोडीचा मिसळलेला वास होता. दहा-बारा बायका काम थांबवून तिच्याभोवती बसल्या. त्यांच्या मुली मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. प्रश्न सुरू झाले ते थांबेचनात. पोरगी लाल झाली तर दवाखान्यात कोण नेणार, पिवळा दडवला तर कळतं का, सासरी गेल्यावर डोकं दुखलं तर कुणाला विचारायचं, तुम्हाला आता सगळं आठवतं का. एकीने विचारलं, की त्या सामन्यात पोरीला ठेवलं असतं तर जिंकला असता का. कांचन म्हणाली, बहुतेक जिंकला असता. एक बाई ऐकून घेऊन उठली आणि आपल्या मुलीला हाताला धरून घरी घेऊन गेली. कांचनने तिला अडवलं नाही. बाकीच्या बसून राहिल्या. दोघी जणींनी आपसात कुजबुज केली, मग आपापल्या पोरींना पुढे ढकललं. त्यांतली एक डावखुरी होती, उजव्या कोपऱ्याला लागते तशी.

परतीच्या एसटीत विलासचा फोन आला, की काय झालं. खिडकीतून संध्याकाळचा वारा येत होता, आणि कांचनला दिवसभराच्या बोलण्याने घसा बसल्याचं जाणवलं.

"उजवा कोपरासुद्धा मिळाला," ती म्हणाली, आणि विचारलं, की घरी जेवायला काय केलंय.